गवताचे खत आणि घरचा पैसा

उसाला खत किती घातले, असे गावात कोणालाही विचारा. तो गोण्या मोजून सांगेल. कांद्याचेही सांगेल. पण गवताला काय घातले असे विचारले, तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहील. गवताला कोणी खत घालते का हो? ते तर देवाचे देणे. पाऊस पडला की उगवते. दसरा-दिवाळीला कापायचे, वाळवायचे आणि गंजी रचायची.

आमचेही बरीच वर्षे असेच मत होते. पुढे मत बदलले. पण बदलले तेही चुकीच्या बाजूने, आणि त्यात आमचे पैसे गेले. ती हकिगत आधी सांगतो.

आमचे तीस गुंठे गवताचे रान आहे. डोंगराच्या पायथ्याला, उतरणीवर. गवत दर वर्षी थोडे थोडे विरळ होत चालले होते. पूर्वी जिथे गंजी छपराला टेकायची, तिथे ती कमरेएवढी झाली. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, युरिया टाका. चार दिवसांत हिरवेगार होईल." आम्ही दोन गोण्या आणल्या. मृगाचा पाऊस दोन दिवसांवर आला होता. आम्हाला वाटले, पावसाआधी टाकले म्हणजे पाणी पडताच विरघळेल. सगळे एकदम टाकले. तिसऱ्या दिवशी रात्रभर मुसळधार पाऊस झाला. सकाळी रानातून तांबडे पाणी ओढ्याकडे धावत होते. आमचा युरियाही त्याच्याबरोबर ओढ्याला गेला. त्या वर्षी गवत होते तेवढेच झाले. ओढ्याच्या काठचा घाणेरीचा आणि टाकळ्याचा झाडोरा मात्र चांगला माजला.

शेजारचे तात्या हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही गवताला नाही, नदीला खत घातलंत."

तात्यांचे म्हणणे खरे होते. आपण गोणी विकत घेतो, पण गोणीतले सगळे खत गवताच्या मुळाशी जात नाही. काही वाहून जाते. काही हवेत उडते. काही खोल जमिनीत मुरते. कमी पैशात जास्त गवत हवे असेल, तर ही गळती आधी समजून घेतली पाहिजे.

गवत जमिनीतून काय नेते

पिकाला अनेक द्रव्ये लागतात. त्यांत तीन मोठी. नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्राने पाला वाढतो आणि हिरवा होतो. स्फुरदाने मुळे धरतात. पालाशाने ताटे बळकट होतात आणि झाड उन्हाला, रोगाला टिकते. गवत म्हणजे सगळा पालाच. म्हणून गवताला नत्राची भूक मोठी असते.

डोंगरी गवत पिकून वाळले, की त्याच्या १०० किलोमध्ये पाऊण किलोच्या आसपास नत्र असते. एकरात एक टन, म्हणजे १००० किलो, गवत निघाले असे धरा. म्हणजे सात-आठ किलो नत्र विळ्याने कापून आपण घरी आणले. पालाश तितकाच किंवा त्याहून जास्त. स्फुरद थोडे. गंजी घरी आली म्हणजे रानाचा थोडा भाग घरी आला म्हणा ना. दर वर्षी काढत राहायचे आणि परत काहीच द्यायचे नाही, असे केले तर रान विरळ होणारच. जमिनीतला जुना साठा काही वर्षे पुरतो. पावसाबरोबरही थोडे नत्र येते. म्हणून एकदम काही कळत नाही. हळूहळू चांगले गवत मागे पडते आणि कुसळी पुढे येते.

चराईच्या रानाची गोष्ट थोडी निराळी आहे. गुरे तिथेच चरतात आणि तिथेच शेण-मूत टाकतात. खाल्लेल्या नत्रापैकी रुपयातले बारा आणे, कधी त्याहूनही जास्त, शेण-मुताच्या वाटे बाहेर पडते. म्हणजे ते रानाला परत मिळते. पण कुठे मिळते? गुरे दुपारी ज्या झाडाखाली बसतात तिथे, आणि पाणवठ्यावर. तिथे ढीग पडतो आणि बाकीचे रान उपाशी राहते. आपल्याकडे धनगरांची मेंढरे शेतात बसवायची जुनी चाल आहे. आज इथे, उद्या तिथे. ज्याने ती काढली त्याला हे सगळे ठाऊक होते. तो शाळेत गेला नव्हता एवढेच. गुरांची बसायची जागाही अशीच बदलती ठेवावी. त्याला एक पैसा लागत नाही.

गोणीवरचे आकडे वाचा

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा पुढच्या वेळी खताच्या दुकानात गेलात, की गोणी नुसती डोक्यावर घेऊ नका. तिच्यावर काय छापले आहे ते वाचा.

युरियाच्या गोणीवर ४६ हा आकडा असतो. याचा अर्थ १०० किलो युरियात ४६ किलो नत्र. पूर्वी गोणी ५० किलोची असे. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. ४५ किलोच्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र. बाकीचे वजन गवताच्या उपयोगाचे नाही. २०२४ साली या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे होती. भागाकार करा. एक किलो नत्र तेरा रुपयांच्या आत पडले. युरिया एवढा स्वस्त मिळतो, कारण खऱ्या किमतीचा मोठा भार सरकार उचलते.

आता डीएपीची गोणी घ्या. तिच्यावर १८ आणि ४६ असे आकडे असतात. इथे ४६ म्हणजे नत्र नव्हे. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. हा क्रम सगळ्या मिश्र खतांना लागू आहे. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. २०२४ साली ती १३५० रुपयांना होती. नऊ किलो नत्राचे ११७ रुपये वजा केले, तर उरलेले १२३३ रुपये २३ किलो स्फुरदाचे. म्हणजे किलोला ५३-५४ रुपये. नत्राच्या चौपट!

हा हिशेब आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितला. कारण गवत हिरवे व्हावे म्हणून उभ्या गवतावर डीएपी फेकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. हिरवे होते ते नऊ किलो नत्राने. महागाचे स्फुरद वरच पडून राहते. स्फुरद जमिनीत जागचे फारसे हलत नाही. ते मुळापाशी पडले तरच कामाचे. म्हणून नवे गवत किंवा घास लावताना ते सरीत, मातीखाली द्यावे. उभ्या रानावर उधळू नये.

सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या गोणीत १६ टक्क्यांच्या हिशेबाने ८ किलो स्फुरद असते. गंधकही असते. दुकानात भाव विचारा आणि आठने भागा. आलेला आकडा ५३-५४ शी ताडून पाहा. कोणते स्वस्त ते तुमचे तुम्हालाच कळेल. दुकानदाराला विचारायची गरज नाही.

आणखी एक. कधी कधी युरिया मागितला, की दुकानदार म्हणतो, "ही बाटलीही घ्या, नाहीतर युरिया नाही." अशी सक्ती त्याला करता येत नाही. पक्की पावती मागावी. पावतीवर काय लिहिले आहे तेही वाचावे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईला साठाव्या वर्षी वाचता येऊ लागले. तिने पहिली वाचली ती अशीच एक पावती. न घेतलेल्या वस्तूचे शंभर रुपये तीत निघाले.

हवेत उडणारा पैसा

सकाळी लवकर गोठ्यात जा. दार बंद असेल, तर डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तो अमोनिया. गुरांच्या मुतातले नत्रच हवेत उडते आहे. युरियाचेही तसेच होते. ओलसर जमिनीवर, वाळक्या पाल्यावर तो उघडा पडला आणि वर ऊन तापले, तर दोन-चार दिवसांत त्यातला मोठा हिस्सा उडून जातो. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जास्तच उडतो. पाण्याबरोबर तो बोटभर जरी खाली मुरला, तरी उडत नाही. पण पाणी फार झाले तर वाहून जातो, हे आम्ही ओढ्याला खत घालून शिकलोच आहोत. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळीच्या तेलाचा थर देतात. त्याने नत्र जमिनीत जरा सावकाश सुटते. पण मुसळधार पावसापुढे निंबोळी काय करणार!

तेव्हा वेळ अशी साधायची. मृगात घालायचे नाही. तेव्हा गवताला मुळेच नसतात, खाणार कोण? पाऊस नीट बसू द्या. गवत वीतभर होऊ द्या. आमच्याकडे हे आषाढात होते. मग उघडीप बघा. जमीन ओली हवी, पण पाने कोरडी हवीत. पाने ओली असली, तर दाणे त्यांना चिकटतात आणि पाने करपतात. पुढच्या एक-दोन दिवसांत भुरभुर पाऊस यावा, झोड नको. हवामानाचा अंदाज आता रेडिओवर आणि मोबाइलवर रोज मिळतो. तो ऐकून मग गोणी फोडावी. जिथे पावसाचा जोर मोठा, म्हणजे कोकणात, मावळात, तिथे तेच खत दोन हप्त्यांत द्यावे.

किती द्यावे? कोरडवाहू गवताला आम्ही एकराला अर्धी गोणी युरिया देतो. त्यात दहा किलोच्या वर नत्र येते. चांगल्या पावसात आणि चांगल्या गवतात एक किलो नत्राने दहा ते वीस किलो वाळके गवत वाढते. त्याहून जास्त खत घातले, तर तेवढ्या प्रमाणात गवत वाढत नाही. पहिली भाकरी भुकेची, दुसरी पोटाची, तिसरी वाया. तसेच हे.

पण "चांगल्या गवतात" हे शब्द विसरू नका. रानात पवना, मारवेल, शेडा अशी गवते असतील तर ती खताला बोलतात. मुरमाड खडकावर नुसती कुसळी असेल तर खत घालून काही होत नाही. तिथे आधी पवन्याचे किंवा मारवेलचे बी टाकावे, ठोंब लावावेत. आणि राखण हवी. ज्या रानात कोणाचीही गुरे केव्हाही शिरतात, तिथे खत घालणे म्हणजे दुसऱ्याच्या गुरांना पंगत वाढणे.

राखणीचा गुण मोठा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना त्या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. डोंगरावर समतल चर खोदले, पाणी अडवले. गुरे मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचे, असे ठरले. जो डोंगर उघडा पडला होता, त्यावर गवत उभे राहिले. युरियाची गोणी आणण्याच्या आधीचे काम हे आहे. पाणी वाहून जाते तिथे खतही वाहून जाते.

कापणीच्या वेळेचेही तसेच. गवत फुलावर आले, की कापावे. कुसळी तर कुसळे टणक होण्याआधीच कापावी. पुष्कळ लोक दिवाळीची गडबड, भाताची कापणी म्हणून गवत मागे ठेवतात. तोवर त्याचे काड होते. वजन दिसते, पण गुराच्या अंगी लागत नाही. खताला दिलेला पैसा असा कापणीलाही फुकट जातो. मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. आम्हीही त्यात सापडतो. तरी आधी गवत, मग बाकीचे, असे एकदा करून पाहा.

पाण्याखालचे गवत

ज्यांच्याकडे विहीर आहे, ते चार-दोन गुंठे संकरित नेपिअर गवत लावतात. आपण त्याला हत्ती गवत म्हणतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले जयवंत' नावाचा वाण काढलेला आहे. हे गवत दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा कापता येते. कापते तितके ते खातेही. म्हणून दर कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र द्यावे असे सांगतात. हेक्टर म्हटले की आपण गोंधळतो. गुंठ्याला मोजू. एका गुंठ्याला अर्धा किलोहून किंचित जास्त युरिया. बस. आम्ही लोकांना गुंठ्याला दोन-दोन किलो टाकताना पाहिले आहे. कापणी झाली, फुटवे दिसू लागले, की ओळीच्या कडेने युरिया टाकावा आणि लगेच पाणी द्यावे. पाण्याची पाळी उद्या असेल, तर युरियाही उद्याच.

घरी गोबरगॅस असेल, तर त्याची स्लरी या गवताला फार मानवते. तेवढा युरिया कमी करावा.

लसूणघासाला मात्र युरियाचे वेड लावू नये. हे द्विदल जातीचे पीक. मुळांवर बारीक गाठी असतात. उपटून पाहा, डोळ्यांना दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरून झाडाला देतात. जो स्वतः कमावतो त्याला आयते दिले, की तो आळशी होतो. तसेच या गाठींचे होते. घासाला स्फुरद द्यावे, पेरणीआधी, मातीत. बियाला रायझोबियम या जिवाणूंचे खत चोळावे. सुरुवातीला नत्र लागते ते थोडे. कोरड्या रानात असेच काम स्टायलो नावाचे द्विदल करते. गवतात त्याचे बी मिसळून टाकले, तर गवतालाही नत्र मिळते आणि वैरणीतले प्रथिन वाढते.

ही गोष्ट सांगताना आम्हाला इंग्लंडातील एका कुरणाची आठवण होते. रोथॅमस्टेड या ठिकाणी लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली गवताच्या रानाचे पट्टे पाडले. कोणत्या पट्ट्याला नत्र, कोणाला स्फुरद आणि पालाश, कोणाला काहीच नाही. तो प्रयोग आजही चालू आहे! पिढ्या गेल्या, पट्टे तेच आहेत. ज्या पट्ट्यांना नत्राशिवाय स्फुरद आणि पालाश मिळाले, तिथे द्विदल झाडे वाढली आणि गवतही चांगले आले. ज्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, तिथली जमीन आंबट झाली. अनेक जातींची गवते तिथून नाहीशी झाली. आपला देश वेगळा, माती वेगळी. पण नुसत्या नत्रावर रान चालवता येत नाही, हे तिथेही दिसले.

आपणही पट्टे पाडू शकतो. रानात चार काठ्या रोवा. एक गुंठा खताचा, शेजारचा एक बिनखताचा. कापणीला दोन्ही गवते वेगळी ठेवा. वाळल्यावर तोला. समजा, खताच्या गुंठ्यात चार किलो जास्त आले. म्हणजे एकराला १६० किलो. वैरणीचा भाव किलोला पाच रुपये धरला, तर ८०० रुपये. अर्ध्या गोणीचे १३३ आणि खत टाकण्याची मजुरी वजा केली, तरी फायदा. आणि एकच किलो जास्त आले तर? एकराला ४० किलो, म्हणजे २०० रुपये. मजुरी वजा करा, हातात काही नाही. मग त्या रानाला खत घालायचे नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आमच्याही नाही. तुमचे रान आणि तुमचा काटा काय सांगतो ते पाहा.

जमिनीत काय कमी आहे हे मातीच्या तपासणीने कळते. २०१५ साली सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली. रानात आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी, एकत्र करावी आणि तीतली अर्धा किलो पाठवावी. उकिरड्याजवळची किंवा गुरे बसतात तिथली माती घेऊ नये. नाहीतर पत्रिका म्हणेल की सगळे भरपूर आहे.

गोठ्यातली गोणी

आता सर्वांत मोठी गळती. ती रानात नाही, घरात आहे.

बरी वैरण खाणारी मोठी गाय दिवसाला दहा लिटरच्या आसपास मूत टाकते. त्यात ८० ग्रॅमच्या आसपास नत्र असते. वर्षाचा हिशेब केला, तर २९ किलो. निम्मेच हाती लागले असे धरले, तरी पाऊण गोणी युरियाच्या जवळपास नत्र झाले. एका गाईचे! पालाशाचा मोठा वाटाही मुतातच असतो. हे सगळे आपण गोठ्याच्या मातीत मुरू देतो आणि तेरा रुपये किलोने बाजारातून आणतो.

गोठ्याची जमीन थोडी उतरती करावी. दगड बसवावेत, जमले तर कोबा करावा. कडेने नाली काढावी आणि ती खड्ड्यात सोडावी. खड्ड्यात पालापाचोळा, उष्टावळ, कोरडी माती टाकत जावे. ती मूत शोषून घेते. नाली करणे जमत नसेल, तर गुरांखाली रोज कोरडी माती आणि पाचोळा पसरावा आणि दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात टाकावा. खड्ड्यावर सावली हवी. ऊन-पावसात पडलेल्या उकिरड्यातले नत्र उडते आणि वाहते. चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनात पाच किलो नत्र, दोन किलो स्फुरद आणि पाच किलो पालाश सापडतो. उघड्या उकिरड्यात एवढे सापडत नाही.

गोवऱ्यांविषयी आम्ही जपूनच बोलतो. शेण जाळले की त्यातले नत्र धुराबरोबर जाते. हे बरोबर आहे. पण चूल पेटायला हवी, हेही आम्हाला कळते. निदान राख तरी टाकून देऊ नये. तिच्यात पालाश असतो. ती रानात पसरावी. मात्र राख आणि युरिया एकत्र कालवू नये. ओल लागली की युरियाचा अमोनिया होऊन उडतो.

काकूंनी आम्हाला एकदा विचारले, "गुरुजी, हे शेणखत रानात नेणार कोण? डोंगर चढायचा, पाटी डोक्यावर." प्रश्न रास्त आहे. सगळ्या डोंगरावर शेणखत नेणे होत नाही. ते जवळच्या घासाला, हत्ती गवताला द्यावे. तेवढा युरिया तिथे वाचतो. तो डोंगराकडच्या गवताला जातो. गोणी उचलायला हलकी, शेणखत जड. म्हणून जड ते जवळ, हलके ते लांब.

सांभाळण्याच्या गोष्टी

कोवळ्या ज्वारीची किराळ लागते, हे सर्वांना माहीत आहे. युरिया जास्त झालेल्या वैरणीतही एक धोका असतो. विशेषतः पावसाने ताण दिला, की ज्वारी, मका आणि गवतही नत्र घेते पण पचवत नाही. ते विषासारखे साठते. म्हणून खत घातल्यावर तीन आठवडे तरी ते गवत कापू नये, तिथे गुरे सोडू नयेत. ताण पडल्यावर पहिला पाऊस आला, की आणखी थोडे थांबावे.

आणि गोणी. आमच्याच वाडीत एका घरी दुभती गाय गेली. घरातल्या मुलाने युरियाची रिकामी गोणी गुरांच्या हौदात धुतली. गोणी धुऊन धान्याला वापरायची होती. एवढेच. तळाला राहिलेले दाणे पाण्यात विरघळले. दुपारी गाय येऊन ते पाणी प्याली. तासाभरात ती थरथरू लागली, तोंडाला फेस आला, पोट फुगले. डॉक्टरांना बोलावणे गेले, पण उशीर झाला. दोन वेळचे दूध होते ते घर. त्या वर्षी मुलीच्या शाळेची फी दुधावरच ठरलेली होती.

युरिया खारट लागतो. गुरे तो मिठासारखा चाटतात. म्हणून गोणी गोठ्यात ठेवायची नाही. फोडलेली गोणी घट्ट बांधून उंचावर ठेवायची. खत टाकलेली पाटी, बादली गुरांच्या पाण्याला वापरायची नाही. रानात कुठे ढीग सांडला असेल, तर तो हाताने उचलून पसरायचा. गुराने युरिया खाल्ल्याचा संशय आला, तर वाट बघू नये. त्याच घटकेला गुरांच्या डॉक्टरांना फोन करावा, आणि युरिया पोटात गेल्याचे त्यांना आधी सांगावे. नुसते पोट फुगले असे सांगितले, तर उपचार भलताच होतो.